आधी उन्हाळी, मग झाड

जुलै लागला की वर्तमानपत्रांत एक फोटो हमखास येतो. मुरमाड टेकाड, ओळीत खणलेले खड्डे, रोपाला हात लावून उभी असलेली दहा-बारा मंडळी. पुढच्या मे महिन्यात त्याच टेकाडाचा फोटो कुणी छापत नाही. शेवगाव तालुक्यात राहणाऱ्याला तो छापून दाखवायची गरजही नाही. बोधेगावकडे किंवा लाडजळगावकडे जाताना तो रस्त्याच्या कडेलाच दिसतो. खड्डे मुरमाने अर्धे बुजलेले, रोपाच्या जागी वाळकी काडी, आणि दोन खड्ड्यांमधली सगळी जमीन होती तशीच उघडी, भगभगीत. मला बोलायचं आहे ते या मधल्या जमिनीबद्दल. झाड लावण्याआधी ती झाकली पाहिजे. आणि ती झाकण्यासाठी आपल्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या आपसूक उगवत आलेल्या उन्हाळी या झुडपाचं बी गोळा करून रीतसर पेरलं पाहिजे.

महाराष्ट्राने वृक्षलागवडीचे आकडे मोठे मांडले. 2016 च्या जुलैत 2 कोटी, 2017 मध्ये 4 कोटी, 2018 मध्ये 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटी रोपांचं उद्दिष्ट होतं. त्यामागची तळमळ मी खोटी मानत नाही. आमच्या नगर जिल्ह्याने 1972 चा दुष्काळ पाहिला आहे आणि सावलीचं मोल इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. पण हे सगळे हिशेब रोपांचे होते. जमीन किती झाकली गेली, हा रकाना त्या तक्त्यात नव्हताच. ज्या जागी मातीच उरलेली नाही तिथे रोपाने जगायचं कशावर, हा प्रश्न त्यामुळे कुणाला विचारावाच लागला नाही.

शेवगाव तालुक्याचे दोन चेहरे आहेत. उत्तरेला गोदावरीकाठची आणि जायकवाडीच्या फुगवट्यालगतची काळी जमीन. 1976 मध्ये त्या धरणाचं, म्हणजे नाथसागराचं, लोकार्पण झालं तेव्हा तिच्यातली बरीचशी पाण्याखाली गेली, उरली तिच्यावर आज ऊस आणि कापूस उभा आहे. दक्षिणेला आणि पूर्वेला, पाथर्डी आणि गेवराईच्या हद्दीकडे सरकत गेलं की माती पातळ होत जाते, वीतभर खोदलं की मुरूम लागतो, आणि गायरानावर तर मुरूमच वर आलेला असतो. सह्याद्रीची पर्जन्यछाया असल्याने पाऊस वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही एका लयीत नाही. मृगाची एखादी सर येते, मग तीन-तीन, चार-चार आठवडे उघडीप पडते, आणि खरा पाऊस कित्येकदा उत्तरा-हस्तात येतो. रोपवाटिकेत पिशवीतल्या मातीत, रोज पाणी पिऊन वाढलेलं रोप अशा उघडिपीत जगलं नाही, तर दोष रोपाचा नाही.

उन्हाळी सगळ्यांनी पाहिलेली असते, ओळखणारे थोडे. गुडघ्याएवढी, फार तर कमरेएवढी होते. फांद्या खालपासूनच फुटतात आणि बाजूला पसरतात. पानं नीळ किंवा तरवडासारखी, एका देठावर समोरासमोर बारीक पर्णिका. फुलं जांभळट-गुलाबी, घडण वाटाण्याच्या फुलाची. शेंग चपटी, तीन-चार सेंटिमीटर लांब, टोकाशी जराशी वर वळलेली. ओळखायची हमखास खूण म्हणजे पर्णिकेचं टोक चिमटीत धरून ओढावं. ती आडवी न फाटता दोन्ही बाजूंच्या शिरांच्या रेषेत तिरकी तुटते आणि बाणाच्या पिसासारखा आकार हातात येतो. आयुर्वेदातली शरपुंखा ती हीच. भावप्रकाशात तिला प्लीहशत्रू म्हटलं आहे आणि वैद्य आजही ती यकृत-प्लीहेच्या विकारांत वापरतात. लिनिअसने 1753 मध्येच तिची नोंद केली. आफ्रिकेपासून भारतमार्गे थेट ऑस्ट्रेलियापर्यंत उष्ण कोरड्या मुलखात ती रानोमाळ आढळते. म्हणजे ती इथे कुणी आणून सोडलेली नाही. हा माळ तिचाच आहे.

अशा जागी तिला जगता येतं याचं कारण तिच्या मुळांत आहे. तिचं सोटमूळ मुरमाच्या फटींतून खोल उतरतं. जुनं झाड उपटायला गेलं की हाताला फोड येतील पण मूळ येणार नाही, हे बांध साफ करणाऱ्या कुणालाही विचारा. वर जेमतेम वीतभर वाढ दिसत असताना खाली ती कितीतरी पुढे गेलेली असते. शिवाय ती द्विदल कुळातली आहे. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात. मुरमात नत्र जवळजवळ नसतोच, त्यामुळे ज्या वनस्पतीला आपला नत्र आपणच कमावता येतो तिचाच तिथे निभाव लागतो. तिची पानं गळतात, फांद्या वाळतात, त्या बुडाशी वाऱ्याने उडणारी धूळ आणि पावसाने वाहणारी माती अडकते. दोन-तीन पावसाळ्यांत तिच्या बुंध्याभोवती बोटभर तरी काळसर माती जमलेली दिसते. पुढचं जे काही उगवतं ते त्या मातीत उगवतं. आधी कुसळी, मारवेल यांसारखी गवतं येतात. मग शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्यांतून आलेलं बाभळीचं, हिवराचं नाही तर बोरीचं बी तिच्या आडोशाला रुजतं. त्या रोपाला कुणी टँकरने पाणी घातलेलं नसतं.

वनस्पतिशास्त्रात या क्रमाला अनुक्रमण म्हणतात. अमेरिकन शास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स याने 1916 मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याची मांडणी फार काटेकोर होती आणि पुढच्या संशोधकांनी ती बरीच सैल केली, पण मूळ निरीक्षण टिकून राहिलं: उघड्या जमिनीवर पहिल्या फळीच्या वनस्पती आधी येतात आणि त्या नंतरच्यांसाठी जागा तयार करतात. 18 मे 1980 रोजी अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. डोंगराच्या उत्तरेचा सगळा पट्टा गरम राखेखाली आणि सच्छिद्र दगडाखाली गाडला गेला, तिथे जिवंत काही उरलं नाही. त्या ओसाडीत अगदी पहिल्यांदा मूळ धरलेली वनस्पती होती ल्युपिन नावाची एक ठेंगणी द्विदल झुडुपवजा वनस्पती, तिथलीच, नत्र बांधणारी. तिच्याभोवती माती जमली, ती मेली तेव्हा तिच्या जागी इतरांनी मूळ धरलं. आपला मुरूम हा लाव्ह्याचाच झिजलेला दगड आहे, फक्त साडेसहा कोटी वर्षं जुना. त्याच्यावर नव्याने माती धरायची तर सुरुवात अशाच कुणाकडून तरी व्हावी लागते, आणि आपल्याकडे ती भूमिका उन्हाळी निभावते.

इथे एक रास्त शंका येते. ती आपोआपच उगवते, तर पेरायची कशाला? चराई आणि कुऱ्हाड थांबवली की माळ आपला आपण सावरतो, हे याच जिल्ह्याने देशाला दाखवून दिलं आहे. राळेगणसिद्धीने आणि 1989 नंतर हिवरे बाजारने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली, त्या डोंगरांवर जंगलाआधी गवत परतलं, आणि कापून नेलेल्या त्या गवतावर गावाचं दूध वाढलं. जिथे मातीचा वरचा थर शाबूत आहे आणि त्यात बी दडलेलं आहे तिथे राखणं पुरेसं आहे, आणि तिथे पेरायला जाऊ नये असंच मी म्हणेन. पण रस्त्यांसाठी जेसीबीने मुरूम उचललेली टेकाडं, प्लॉटिंगसाठी सपाट केलेले उतार, बंद पडलेल्या खडी-खाणी, चरांच्या कडेला टाकलेला ढिला मुरूम, अशा जागी वरच्या थराबरोबर बियांचा साठाही गेलेला असतो. उन्हाळीची शेंग वाळली की पीळ देऊन फुटते आणि बी उडतं, पण ते काही हातांवर जाऊन पडतं. फर्लांगभर उघड्या मुरमापलीकडे ते आपल्या पायांनी पोचायला कितीतरी वर्षं लागतील. तोवर दर पावसाळ्यात मुरूम धुपत राहतो, आणि त्या मोकळ्या जागेवर वाऱ्याने येणारं गाजर गवत हक्क सांगून मोकळं होतं. पेरायचं ते या अंतरासाठी.

पेरणी अवघड नाही, पण ती नीट समजून करावी लागते, कारण हे बी ज्वारी-बाजरीसारखं शहाण्या मुलागत एका पावसात उगवत नाही. त्याचं टरफल कठीण असतं, पाणी सहजासहजी आत शिरू देत नाही. वर्षभरात थोडं उगवतं, थोडं पुढच्या वर्षी, थोडं आणखी पुढे. पहिल्यांदा पेरणाऱ्याला ही खोड वाटते. माझ्या मते आपल्या पावसाला याहून शहाणं उत्तर नाही. मृगाच्या सरीला फसून सगळंच बी उगवलं आणि मग चार आठवडे उघडीप पडली, तर सगळंच जळालं. निम्मं बी जमिनीत थांबलं, तर उत्तरा-हस्ताच्या पावसाला पुन्हा संधी आहे. दुबार पेरणीचं बियाणं ही वनस्पती स्वतःच राखून ठेवते.

म्हणून बियांवर संस्कार करायचा तो सगळ्यांवर नाही. निम्मं बी जाड्याभरड्या वाळूबरोबर पाट्यावर हलक्या हाताने घासावं, टरफलाची चकाकी जाईपर्यंत. बी फुटेल इतकं दाबू नये. किंवा उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकून ते पाण्याबरोबरच रात्रभर गार होऊ द्यावं, सकाळी फुगलेलं बी सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावं. उरलेलं निम्मं तसंच ठेवावं आणि दोन्ही एकत्र करून पेरावं. तमिळनाडूत हीच वनस्पती कोळिंजी नावाने भाताच्या पडीक हंगामात हिरवळीचं खत म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. तिथलं कृषी विद्यापीठ तिच्यासाठी हेक्टरी पंधरा-वीस किलो बी सांगतं आणि बी वाळूत घासायची युक्तीही तिथे जुनीच. शेतात खत म्हणून गाडायची असेल तर एवढं बी लागतं. मुरमावर पट्ट्यांत पेरताना त्याहून बरंच कमी पुरतं, कारण इथे दाट पीक काढायचं नसतं, मूळ धरायचं असतं.

पेरायची जागा निवडताना उतार पाहावा. माथ्याकडून पायथ्याकडे काम करायचं, हे पाणलोटाच्या कामांनी आपल्याला शिकवलंच आहे. समपातळी चर खोदताना जो मुरूम खालच्या अंगाला टाकतात, तो पहिल्या मोठ्या पावसातच परत चरात घसरतो आणि दोन-चार वर्षांत चर बुजतो. हा ढिला मुरूम उन्हाळीला फार मानवतो. रोहिणी सरता सरता, मृगाच्या तोंडावर, त्या भरावावर दाताळ्याने किंवा कुदळीच्या टोकाने उताराला आडवी, बोटभर खोल रेघ मारावी, बी त्यात टाकावं आणि त्यावर नखभर जाडीचीच माती लोटावी. खोल गेलेलं बी वर येत नाही. बियांत मिसळायला आणखी एक गोष्ट हवी: जिथे उन्हाळी जोमात आहे अशा जुन्या झाडाच्या बुडची ओंजळभर माती. नत्र बांधणारे जिवाणू त्या मातीत असतात. दुधाला विरजण लावावं तशी ही माती बियांना लावायची. उघड्या, खरवडलेल्या मुरमात ते जिवाणू असतीलच असं नाही, आणि त्यांच्याशिवाय रोप पिवळं, खुरटं राहतं. महिना-दीड महिन्याने एक रोप अलगद खणून काढावं, मुळावरची एखादी गाठ नखाने फोडावी. आतून ती गुलाबी-तांबूस असेल तर काम चालू झालं आहे.

पहिल्या पावसाळ्यात वर फार काही दिसणार नाही, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. रोप वीतभर, पानं मोजकी. या वर्षी तिला फक्त तुडवण्यापासून जपायचं. गुरं उन्हाळीला सहसा तोंड लावत नाहीत. तिच्यात माशांना गुंगी आणणारी द्रव्यं आहेत आणि काही मुलखांत ती पाण्यात ठेचून मासे पकडायला वापरतात, गुरांना तिची चव पटत नसणार. शेळ्या मात्र कोवळी पालवी खुडतात. दुसऱ्या पावसाळ्यात ती पसरते, फुलावर येते, आणि मग तिचं बी तीच पाडते. तिसऱ्या वर्षी त्या पट्ट्यांमध्ये झाडांचे खड्डे घ्या, किंवा त्याहून बरं म्हणजे बाभूळ, हिवर, बोर, निंब यांचं बी थेट टोका. ती झाडं जगण्याची शक्यता मोकळ्या मुरमापेक्षा कितीतरी जास्त असेल, कारण त्यांच्या मुळाशी माती असेल आणि डोक्यावर थोडी सावली.

वेगाने पसरणाऱ्या वनस्पतीबद्दल लिहिताना तिच्या धोक्याबद्दल लिहिलं नाही तर ते अप्रामाणिक ठरेल. आइसलंडचं उदाहरण समोर आहे. धूप होऊन वाळवंट झालेल्या तिथल्या जमिनीसाठी 1945 मध्ये वनखात्याचे प्रमुख हाकोन ब्यारनासोन यांनी अलास्कातून ल्युपिनचं बी आणलं. सेंट हेलेन्सवर ज्या कुळाने चांगलं काम केलं त्याच कुळातली, पण परक्या मुलखातली वनस्पती. तिने माती धरली, उजाड उतार जांभळ्या फुलांनी भरून गेले. पण ती थांबली नाही. शेवाळाचे आणि रानबेरीचे शाबूत पट्टेही तिने व्यापले, आणि आज तिथे तिला आवरायचं कसं यावर तज्ज्ञ आणि सरकारी संस्था डोकं लावून बसल्या आहेत.

आपल्याकडे हाच धडा जरा वेगळ्या वाटेने आला. 1955 मध्ये पुण्यात गाजर गवताची पहिली नोंद झाली, आणि पाहता पाहता ते देशभर पसरलं. एकेक झाड हजारोंनी बी टाकतं, त्वचेला खाज आणि दम्याचा त्रास याची खेड्यापाड्यांतल्या लोकांना वेगळी ओळख नको. ते आवरायला 1984 मध्ये बंगळुरूजवळ मेक्सिकन भुंगेरे सोडले गेले. दुसरा उपाय सुचवला गेला तो टाकळ्याचा. तण संशोधन करणारे आजही सांगतात की हिवाळ्यात टाकळ्याचं बी गोळा करा आणि पावसाआधी गाजर गवताच्या जागेवर फेका. टाकळा झपाट्याने वाढतो, दाट होतो, गाजर गवताला ऊन मिळू देत नाही. हा टाकळा, आपला तरोटा, श्रावणात भाजीला खुडतात तोच. त्याचं मूळस्थान कोणतं यावर वनस्पतिशास्त्रज्ञांत वाद असला तरी चरक-सुश्रुतांच्या संहितांत तो औषध म्हणून येतो, म्हणजे अमेरिकेशी जगाचा संबंध येण्याच्या कितीतरी आधीपासून तो इथे आहे. पण याच कामासाठी त्याचा अमेरिकेतून आलेला, टाकळ्यासारखाच दिसणारा भाऊबंदही कर्नाटकात पेरला गेला. त्याने गाजर गवत हटवलं हे खरं, पण आता दख्खनच्या रस्त्यांच्या कडा त्यानेच भरून टाकल्या आहेत, आणि त्याच्याखाली गवतही उगवत नाही. एक परका काढायला दुसरा परका आणला.

वेडी बाभूळ, बेशरम, सुबाभूळ, टेकड्यांवर सरसकट लावलेला ग्लिरिसिडिया, ही यादी आपल्याला पाठ आहे. प्रत्येक वेळी युक्तिवाद तोच होता: लवकर वाढतं, पाणी लागत नाही. उन्हाळीबद्दल मीही जवळजवळ हेच सांगतो आहे, म्हणून फरक नेमका कुठे आहे ते सांगणं माझं काम आहे. उन्हाळी या माळावर इतका काळ आहे की तिला आवरणारं सगळंही इथेच आहे. तिचं बी पोखरणारे भुंगे इथले, तिच्यावर येणारे रोग इथले, आणि तिला मागे सारणारी गवतंही इथलीच. माती थोडी सुधारली, गवत दाट झालं की ती मागे हटते आणि पुढच्या उघड्या जागेकडे सरकते. शेतात ती घुसेल ही भीती रास्त आहे, पण जिथे दरवर्षी कुळव फिरतो आणि कोळपणी होते तिथे तिला टिकता येत नाही, ती बांधावर राहते. नांगराला जी भिते तिला शेतकऱ्याने भिऊ नये.

एक हद्द मात्र मी स्वतःहून आखून देतो. जिथे चांगला गवताळ माळ आहे तिथे ना उन्हाळी पेरावी ना झाड लावावं. नगर-सोलापूरच्या माळांवर माळढोकासाठी 1979 मध्ये अभयारण्य जाहीर झालं आणि कर्जतजवळ रेहेकुरीला काळवीट राखले गेले, ते झाडं नसलेल्या, गवताच्या मुलखासाठीच. अशा माळाला पडीक म्हणणं हीच चूक आहे. मेंढपाळांची चराई, ससे, चंडोल, खोकड, सगळं त्या गवतावर उभं आहे. कुसळीची जमीन खोदून तिथे ओळीने रोपं लावणं म्हणजे हिरवळीच्या नावाने उजाडपणा आणणं. उन्हाळीचं काम तिथे सुरू होतं जिथे गवताचाही धीर सुटला आहे.

सगळ्यात मोठा आक्षेप चाऱ्याचा. गुरं जे खात नाहीत ते गायरानावर वाढवून गावाला काय मिळणार, असा प्रश्न ग्रामसभेत पहिल्या पाच मिनिटांत येईल आणि तो योग्यच आहे. ज्याच्या दावणीला दोन गाई आहेत त्याला माती तयार होण्याचं दहा वर्षांचं गणित पचणं कठीण. त्याला माझं उत्तर इतकंच की आज त्या मुरमावर गाईला खायला काहीच नाही. जे आहे ते राखून मग चारा वाढतो, पण जिथे शून्य आहे तिथे राखायचं काय? गुरं उन्हाळी खात नाहीत म्हणूनच ती चराईबंदी नसलेल्या गावातही उभी राहू शकते, आणि तिच्या बुडाशी आलेलं मारवेल तिच्या आडोशाने बी धरेपर्यंत वाचतं. चारा हवा असेल तर त्याची वाट तिच्यावरूनच जाते.

आता काम कुणी करायचं. उन्हाळीच्या शेंगा दिवाळीच्या पुढेमागे पिकायला लागतात आणि थंडीभर पिकत राहतात. नेमका हाच कापूस वेचणीचा हंगाम, आणि याच दिवसांत शेवगाव-पाथर्डीची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला कोयता घेऊन बाहेर पडलेली असतात. गावात उरतात ती म्हातारी माणसं आणि बायका, ज्यांना वेचणीचा रोज मिळतो. त्यांनी फुकट बी वेचावं ही अपेक्षा मी करणार नाही. बी गोळा करण्याला वेचणीच्या तोडीची मजुरी मिळाली पाहिजे. शेंग हिरवटपणा सोडून गवती रंगाची झाली की दव असताना, सकाळीच खुडायची, म्हणजे ती हातात फुटत नाही. ताडपत्रीवर पसरून वर जुनी साडी टाकायची, नाहीतर उन्हात तडकून बी अंगणभर उडतं. मग काठीने झोडपायचं, सुपाने पाखडायचं, राख चोळून मडक्यात ठेवायचं. हे काम वयस्क बाईला घरी बसून जमतं, आणि तिच्या अनुभवाइतकी जाण कुठल्याही रोपवाटिकेत नाही. याच जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान पिकांचं बी जपून दाखवलं आणि 2020 मध्ये पद्मश्रीपर्यंत त्याची दखल घेतली गेली. मडक्यात राखलेल्या बियाण्याची किंमत आपल्याला पटलेली आहे. ती फक्त खाण्याच्या पिकांपुरती थांबली आहे, माळाच्या बियांपर्यंत अजून आलेली नाही.

यंत्रणा नव्याने उभी करायची गरज नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि ती बहुतेक ठिकाणी कागदावर आहेच. उन्हाळीच्या बियांचा साठा, नोंद आणि वाटप हे तिला देण्यासारखं पहिलं खरं काम. रोजगार हमीची कल्पना 1972 च्या दुष्काळाने तावून सुलाखून निघाली आणि 1977 मध्ये तिचा कायदा महाराष्ट्रानेच पहिल्यांदा केला. त्या राज्याला चर खोदण्याच्या अंदाजपत्रकात चराच्या भरावावर बी पेरण्याची एक ओळ घालता येऊ नये, हे मला पटत नाही. त्या ओळीला खर्च किती? रोपवाटिका नाही, पिशवी नाही, टँकर नाही. फक्त वेचण्याची आणि पेरण्याची मजुरी. आणि मोजणी मात्र बदलावी लागेल: लावलेली रोपं मोजण्याऐवजी तिसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात किती जमीन झाकलेली आहे ते मोजावं लागेल. ज्या खात्याला मे महिन्यात मोजायची तयारी नाही त्याने जुलैत फोटो काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी जे शेवगाव, पाथर्डी, नेवाशाच्या आसपास राहतात त्यांना माझी एक विनंती आहे. येत्या दिवाळीत गायरानाच्या कडेला, जुन्या बांधावर उन्हाळी शोधा, पान तोडून खात्री करून घ्या, आणि वाटीभर तरी बी घरात आणून ठेवा. ग्रामसभेत वृक्षलागवडीचा विषय निघेल तेव्हा ती वाटी बरोबर न्या आणि पहिल्या दोन वर्षांसाठी एक टेकाड मागून घ्या.